मुंबईत नवीन आहात? डॉक्टरांचा नंबर असा लावा

रात्री नऊनंतर कणकवलीहून काकांचा फोन आला की विषय मला आधीच कळतो. "तुझ्या काकीक केईएमात दाखवूचा आसा. तेवढी अपॉइंटमेंट काढून ठेव गो." मी काळाचौकीला राहते. वर्षाला असे तीन-चार फोन ठरलेले. परळच्या जवळ राहते म्हणजे केईएम रुग्णालयाचे डीन मला नावाने ओळखतात, असं गावात कोणीतरी पसरवलेलं दिसतंय.

प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच काढते. गावाहून उपचारासाठी येणाऱ्यांना तर हे उपयोगी पडेलच. पण नोकरी लागून मुंबईत आलेल्या, चेंबूरला नाहीतर कांदिवलीला तिघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या, आणि पहिला ताप आल्यावर आईला फोन करणाऱ्या मुलामुलींनाही पडेल.

सगळ्यात आधी 'अपॉइंटमेंट' या शब्दाचं बघू. खाजगी हॉस्पिटलात त्याचा अर्थ वेळ, म्हणजे कागदावर तरी. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात पहिल्यांदा जाताना त्याचा अर्थ नंबर, आणि तो त्या दिवशी सकाळी आपणच लावायचा. मी आदल्या रात्री "काढून ठेवण्यासारखं" तिथे सहसा काही नसतं.

आधी जवळचा दवाखाना

ताप, खोकला, पोट बिघडणं, अंगावर पुरळ यासाठी केईएम नाही. तिथे चार तास मोडतील आणि शेवटी जी गोळी मिळेल ती गल्लीतल्या डॉक्टरनेही दिली असती. नव्या जागी सामान लावून झालं की पहिल्या आठवड्यातच एक डॉक्टर शोधून ठेवा, धडधाकट असताना. इंटरनेटवरचे तारे मोजण्यापेक्षा खालच्या केमिस्टला विचारा, शेजारच्या आजींना विचारा. केमिस्टला रोज सगळ्यांच्या चिठ्ठ्या दिसतात. कोण साध्या सर्दीला पाच औषधं लिहितो हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पाटीवर पदवी वाचा. एमबीबीएस, एमडी, बीएएमएस, बीएचएमएस हे सगळे वेगवेगळे. आपण कोणाकडे चाललोय ते माहीत असावं, एवढंच. ॲलोपथीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो दिसत नसेल तर विचारायला लाजू नका.

बहुतेक दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशा दोन पाळ्यांत चालतात. मधल्या वेळात शटर खाली. काही ठिकाणी कंपाउंडरकडे आधी नाव लिहून यायचं असतं. आधी जाऊन नाव लिहायचं, घरी येऊन चहा प्यायचा आणि आपल्या नंबराच्या सुमाराला परत जायचं. नव्या माणसाला हे माहीत नसतं, तो सात वाजता जाऊन बसतो आणि नंतर आलेले आत जाताना बघून चिडतो.

पैशाची ओढाताण असेल तर पालिकेचा दवाखाना किंवा 'आपला दवाखाना' बघा. हे हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना नावाने 2022 पासून मुंबईत सुरू झाले. कुठे पोर्टा केबिनमध्ये आहेत, कुठे पालिकेच्या जागेत. अनेक ठिकाणी संध्याकाळी उशिरापर्यंत डॉक्टर असतात, त्यामुळे नोकरीवाल्याला सुट्टी टाकावी लागत नाही. तपासणी आणि औषधं मोफत, रक्ताच्या बऱ्याच चाचण्याही मोफत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थेट पालिकेच्या दवाखान्यात जाऊन थुंकीची तपासणी करून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारकडून फुकट मिळतात.

पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टर विचारायच्या आधी तुम्हीच सांगा की गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यातून चालत आलात का. दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून वाट काढणं आपल्याला रोजचं वाटतं, पण लेप्टोची, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची शंका घ्यायची की नाही हे त्या एका उत्तरावर ठरतं. पायाला जखम असेल तर तीही दाखवा. खरं म्हणजे अशा पाण्यातून आल्यावर ताप येण्याची वाट न पाहता एक-दोन दिवसांत दवाखान्यात जावं. गरज वाटली तर प्रतिबंधक गोळी देतात.

आता केईएम, सायन, नायर वगैरे

आमची पहिली फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. काकीच्या गुडघ्यांसाठी आम्ही एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेलो. कोकणकन्येतून पहाटे उतरलेली काकी, हातात आंब्यांची पिशवी, वार बुधवार. केसपेपर काढला, दीड तास बसलो, नंबर आला. डॉक्टरने जुना कागद बघितला आणि म्हणाला, "तुमचं युनिट मंगळवार-शुक्रवार." काकीने दोन वर्षांपूर्वी तिथेच दाखवलं होतं, आणि त्या कागदावर युनिटचं नाव आणि वार लिहिलेला होता. आमच्यापैकी कोणी तो वाचलाच नव्हता. परवा यायला सांगितलं. त्या दोन दिवसांत काकी माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून मुंबईच्या नावाने बोटं मोडत होती.

तर मुद्दा असा. मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत एका विभागाची अनेक युनिटं असतात, प्रत्येक युनिटच्या ओपीडीचे वार ठरलेले. तुम्ही पहिल्यांदा ज्या वारी जाता, त्या वारचं युनिट तुमचं होतं. पुढचे सगळे फेरे त्याच युनिटकडे, त्याच वारी. हृदय, किडनी, मेंदू अशा खास विभागांचे वार तर आणखी कमी, आणि तिथे बहुतेक वेळा आधी साध्या ओपीडीतून रेफर होऊन जावं लागतं. त्यामुळे नोकरी असेल तर पहिला वार विचार करून निवडा. सोमवारी ऑफिसात मीटिंग असते आणि तुम्ही सोमवारी पहिल्यांदा गेलात, तर पुढचं वर्षभर दर फेऱ्याला तीच मीटिंग बुडणार.

जायचं सकाळी. नोंदणीची खिडकी साधारण आठच्या सुमाराला उघडते आणि अकरा-साडेअकरानंतर नवीन केसपेपर मिळणं कठीण. मी साडेसातला पोचते. रविवारी आणि बहुतेक सरकारी सुट्ट्यांना ओपीडी बंद. सोमवारी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट, जमलं तर टाळा.

सोबत काय न्यायचं? आधार कार्ड, आणि पत्ता गावचा असला तरी अडत नाही. जुने सगळे कागद, तारखेप्रमाणे लावून. एक्स-रेच्या फिल्म, नुसता रिपोर्ट नव्हे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं. "एक पांढरी, एक गुलाबी" असं सांगून कोणालाच काही कळत नाही. पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, सुट्टे पैसे. आणि रुग्णाबरोबर एक धावपळ करणारं माणूस हवंच, कारण रांगा एकाच वेळी दोन असतात.

काही रुग्णालयांत खिडकीजवळ क्यूआर कोडचा फलक दिसेल. तुमचं आभा कार्ड, म्हणजे चौदा आकडी आरोग्य क्रमांक, तयार असेल तर मोबाइलवरून तो कोड स्कॅन करायचा. नाव, वय, पत्ता आपोआप खिडकीवर जातं आणि टोकन मिळतं. त्याने नाव-पत्ता सांगण्यातला वेळ वाचतो. डॉक्टरच्या दारासमोरची रांग मात्र तेवढीच राहते, ही अपेक्षा ठेवूनच जा. आभा घरबसल्या आधार क्रमांकावरून निघतं. गावाहून निघायच्या आधीच काढून ठेवा.

खिडकीवर आजाराचं नाव सांगत बसू नका, त्रास सांगून विभाग विचारा. "पायाला मुंग्या येतात, कुठे दाखवायचं?" असं विचारलं की कारकून विभागाचं नाव आणि खोली क्रमांक केसपेपरवर मारून देतो. कागद हातात आला की बाजूला होऊन तो वाचा. नाव, वय, विभाग. वय चुकलं तर तेव्हाच दुरुस्त करा, नंतर मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या कागदांत ते आडवं येतं.

"सरकारी दवाखान्यात सगळं फुकट झालंय ना?" हा वाद मी खिडकीवर अनेकदा ऐकलाय. 15 ऑगस्ट 2023 पासूनचा तो निर्णय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी होता. केईएम, सायन, नायर आणि कूपर ही मुंबई महापालिकेची आहेत. जे.जे. राज्य सरकारचं खरं, पण वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. केसपेपरचे थोडे पैसे द्यायचे आणि पुढे सरकायचं. त्या वादात मागचे पन्नास लोक खोळंबतात.

आत तुम्हाला तपासणारा बहुतेक वेळा तरुण निवासी डॉक्टर असतो, अठरा तास जागलेला. त्याच्याकडे तुमच्यासाठी थोडी मिनिटं असतात. "कधीपासून म्हणजे बघा, आमच्या चुलत्याच्या लग्नात..." अशी सुरुवात केली तर चुलत्यातच वेळ संपतो. मी आदल्या रात्री चिठ्ठी लिहून घेते: काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं, कुठली औषधं चालू, कशाची ॲलर्जी, साखर-बीपी आहे का, आधी ऑपरेशन झालंय का. चिठ्ठी सरळ त्याच्या हातात द्यायची. एकदा एका डॉक्टरने ती केसपेपरला टाचून ठेवली, मला उगीच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

भाषेची काळजी करू नका, मराठी चालते. काकीचं मालवणी ऐकून एका नागपूरच्या पोराची थोडी तारांबळ उडाली, पण दोघांनी जमवलं. सिस्टरला सिस्टर म्हणा, वॉर्डबॉयला मामा, आयाला मावशी. या तीन शब्दांनी जितकी कामं होतात तितकी कुठल्याही ओळखीने होत नाहीत.

तपासण्या लिहून दिल्या की दुसरी लढाई. रक्त त्याच दिवशी देता येतं, उपाशीपोटी हवं का ते विचारा. सोनोग्राफी, एमआरआयला तारीख मिळते, आणि ती लांबची असू शकते. तारीख फार पुढची असेल तर परत डॉक्टरकडे जाऊन तेवढं थांबलं तर चालेल का, असं विचारा. गडबड असेल तर तो कागदावर तसं लिहून देतो. बाहेर दारात "लगेच करून देतो" म्हणत कार्ड वाटणारे उभे असतात. त्यांच्या मागे जाऊ नका.

कुठे काय, आणि तिथे पोचायचं कसं

लहान मुलांसाठी परळचं वाडिया, बाळंतपणासाठी त्याच आवारातलं नौरोसजी वाडिया. साथीच्या आजारांसाठी सातरस्त्याजवळचं कस्तुरबा. टीबीसाठी शिवडी. दातांसाठी मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय. उपनगरात राहत असाल तर घाटकोपरचं राजावाडी, वांद्र्याचं भाभा, कांदिवलीचं शताब्दी ही जवळची. सगळ्यांनी परळ गाठायची गरज नाही.

इंडिकेटरवर 'शीव' दिसेल, ते सायन. बोलताना सगळे सायनच म्हणतात. शीव मध्य रेल्वेवर आणि शिवडी हार्बरवर. आमचे एक गाववाले या गोंधळात टीबी रुग्णालयाच्या दारात जाऊन आले. परळ आणि शीवला फास्ट लोकल थांबत नाही. ठाण्याकडून येत असाल तर फास्टने दादर आणि तिथून स्लोने एक स्टेशन परळ. पश्चिम रेल्वेवाल्यांनी प्रभादेवीला उतरावं. तिथून पादचारी पुलाने परळ स्टेशनच्या बाजूला येता येतं.

गर्भवती आणि कॅन्सरच्या रुग्णांना लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं, कागद जवळ ठेवा. आणि रिक्षाच्या भरवशावर राहू नका. ती वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात येत नाही. कुर्ल्याहून रुग्णाला रिक्षात घालून "चल केईएमला" म्हणालात, तर तो सायनला उतरवून देईल. टॅक्सीच करा.

टाटाचं वेगळं आहे

परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय 1941 पासून उभं आहे, आणि देशभरातून लोक तिथे येतात. तिथे पहिला प्रश्न वर्गवारीचा. जनरल की प्रायव्हेट? फीमध्ये मोठा फरक, उपचार करणारे डॉक्टर त्याच रुग्णालयाचे. घाबरून प्रायव्हेटची खूण करू नका. घरातल्यांशी बोलून, पुढच्या सहा महिन्यांचा खर्च मनात धरून ठरवा.

नोंदणी झाली की फाइल क्रमांक मिळतो, पुढचा सगळा व्यवहार त्यावर. बाहेर बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात बसवून ठेवलेला तपासणीचा तुकडा) त्या लॅबमधून मागून आणा, कारण इथे ते पुन्हा तपासतात. गावच्या लॅबला "ब्लॉक द्या" म्हटलं की आधी नाही म्हणतात. तुमचाच नमुना आहे, मागा. हे विसरल्यामुळे सांगलीला परत जाऊन आलेलं कुटुंब मी पाहिलंय.

राहण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. नातेवाइकांची खोली आठ दिवस पुरते, उपचार महिनोन्‌महिने चालतात. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. रेल्वेच्या तिकिटात कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला सवलत असते, तिचा फॉर्मही रुग्णालयातूनच भरून घ्यायचा.

खाजगी डॉक्टर

इथे फोन लागतो, ॲपवरही वेळ मिळते. ऑफिसातला एक सहकारी नेदरलँड्सहून आला होता. तिकडे आधी घरच्या डॉक्टरची चिठ्ठी, मग तज्ज्ञ. इथे थेट हृदयविकार तज्ज्ञाची वेळ घेता येते हे ऐकून तो चकित झाला, आणि पाठदुखीसाठी तीन वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे जाऊन पाकीट हलकं करून आला. आधी फॅमिली डॉक्टर, मग त्याने सांगितलेला तज्ज्ञ, हाच मार्ग स्वस्त.

मुंबईतला तज्ज्ञ एका जागी बसत नाही. सोमवारी दादर, मंगळवारी गिरगाव, बुधवारी ऑपरेशन. म्हणून फोनवर विचारा: डॉक्टर स्वतः कुठल्या वारी, कुठे बसतात; पहिली फी किती, हॉस्पिटलची नोंदणी फी वेगळी का; किती दिवसांच्या आत परत आलं तर फी कमी लागते; आणि "साडेपाचची वेळ म्हणजे खरं किती वाजता?" हा शेवटचा प्रश्न हसून विचारला तर रिसेप्शनवरची मुलगी खरं उत्तर देते. "सातला या" म्हणाली तर सातलाच जा. कंपनीचा कॅशलेस विमा असला तरी बहुतेक पॉलिसींत तो भरती झाल्यावरच लागतो, नुसत्या ओपीडीला नाही. आधी बघून घ्या.

पैसे नसताना मोठ्या हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर हे माहीत हवं. लीलावती, जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल ही धर्मादाय न्यासांची रुग्णालयं आहेत. कायद्याने अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. बिल झाल्यावर नाही, भरती होतानाच तिथल्या समाजसेवकाला भेटा. मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी त्या योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला शोधा.

नोकरीवाल्यांनी पगाराची स्लिप बघा. पगार महिना 21 हजारांपर्यंत असेल आणि ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पैसे कापले जात असतील, तर तुमचे आणि घरच्यांचे उपचार त्यातून होतात. आधी ठरवून दिलेला दवाखाना, मग तिथून रेफर होऊन रुग्णालय. दोन-दोन वर्षं पैसे कापले जातात आणि मुलांना दवाखाना कुठे आहे हेही माहीत नसतं.

ज्याला नंबर लागत नाही

छातीत दुखणं, अपघात, झटका, तोंड वाकडं होणं, साप चावणं: कसलाही केसपेपर आधी नाही, सरळ कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग. ती रात्रंदिवस उघडी असते, कागद मागाहून होतात. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पैसे नाहीत. ट्रॅफिक तुंबलं असेल आणि खाली टॅक्सी उभी असेल तर टॅक्सीच घ्या. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात जा. लस मोफत मिळते. हळद, चुना, मिरची लावू नका. काकी अजूनही मिरचीवर ठाम आहे.

राहिली पुढची तारीख. डॉक्टर ती केसपेपरवर पटकन खरडतो आणि आपण मान डोलावून बाहेर येतो. काकीची तारीख अशीच गणपतीच्या दुसऱ्या दिवसाची निघाली. त्या दिवशी आमच्या लालबाग-परळला पाऊल टाकायला जागा नसते, आणि काकी तर गणपतीत कणकवली सोडून इंद्राच्या दरबारातही येणार नाही. परत आत जाऊन बदलून घ्यायला पाऊण तास गेला. म्हणून डॉक्टरने पेन उचललं की लगेच सांगा, "डॉक्टर, गणपतीनंतरचा शुक्रवार द्या." तो द्यायला तयार असतो, त्यालाही गावी जायचं असतं.